जुन्या स्प्लेंडरला चोरीपासून कसे जपावे?

गल्लीतला_शेवटचा

नमस्कार. वडिलांची २००१ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आजही माझ्या रोजच्या वापरात आहे. नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे, इंजिन उत्तम चालते आणि गाडी विकण्याचा विचार नाही. आमची कोथरूडमधील इमारत जुनी असून तिला वाहनतळ नाही, त्यामुळे गाडी रात्री गल्लीतच उभी असते. अलीकडे शेजारच्या गल्लीतून दोन दुचाकी चोरीला गेल्या आणि नवलाची गोष्ट म्हणजे त्या दोन्ही जुन्या होत्या, जवळच उभ्या असलेल्या नव्या गाड्यांना कोणी हात लावला नाही. एका परिचिताने डिस्क लॉक (डिस्क ब्रेकच्या चकतीला लावायचे कुलूप) सुचवले, तर दुसऱ्याने जीपीएस बसवण्यास सांगितले. बाजारात ज्या गाडीला फारशी किंमत येणार नाही, तिच्या सुरक्षिततेवर नेमका कशासाठी आणि किती खर्च करावा? विमा केवळ तृतीय पक्षाचा आहे. वडील गेल्या वर्षी वारले आणि नोंदणी अद्याप त्यांच्याच नावावर आहे.

जुना_मिस्त्री

आपल्याला जे नवल वाटले त्यात खरे तर नवल काही नाही. नव्या गाडीपेक्षा जुनी स्प्लेंडर चोराला अधिक सोयीची असते, कारण तिचे सुटे भाग गावोगावी खपतात, तशीच दुसरी गाडी रस्त्यावर जागोजागी दिसत असल्याने ती कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि वीस-बावीस वर्षे वापरलेल्या कुलपातील पत्र्या इतक्या झिजलेल्या असतात की दुसऱ्याच गाडीची झिजलेली किल्लीही त्यात फिरते. म्हणून पहिला खर्च कुलपावर करावा. इग्निशन, टाकीचे झाकण आणि बाजूचे पॅनेल यांचा संपूर्ण लॉकसेट बदलून घ्यावा, आणि तो घेताना स्वस्त नकली संचाऐवजी कंपनीचा मूळ संच मागावा. किल्ली कुलपातून चालू गाडीतही बाहेर निघत असेल, तर कुलूप संपले आहे असे निश्चित समजावे.

डिस्क लॉकचा सल्ला देणाऱ्याने आपली गाडी पाहिलेली दिसत नाही, कारण या स्प्लेंडरला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत आणि ते लॉक बसवण्यासाठी डिस्कच नाही. हँडल लॉक अवश्य लावावे, पण ते जोराच्या एका झटक्याने तुटते हे लक्षात ठेवावे. खरा उपयोग होतो तो जाड, कठीण पोलादाच्या साखळीचा. ती नुसती चाकाच्या तारांतून ओवू नये, कारण तारा कापता येतात. ती रिमला वळसा घालून चेसिसमधून घ्यावी आणि तिथून विजेच्या खांबाला नव्हे, तर इमारतीच्या लोखंडी जाळीसारख्या पक्क्या वस्तूला अडकवावी. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की कटरवर सगळे वजन टाकता येते. तसेच रात्री पेट्रोल कॉक बंद करण्याची सवय लावावी. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाते आणि मग भर रस्त्यात बंद पडते.

सीडीआय_आणि_मी

मिस्त्रींशी मी सहमत आहे. त्यात ठिणगीची वीज तोडून गाडी सुरूच होऊ न देणाऱ्या एका गुप्त स्विचची भर घालावी, पण तो कुठे बसवायचा यावर सारे अवलंबून आहे. पुष्कळ इलेक्ट्रिशियन तो बॅटरीच्या वायरवर बसवून देतात, आणि या गाडीत त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. जुन्या किक स्टार्ट स्प्लेंडरमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीकडून नव्हे, तर मॅग्नेटच्या कॉइलकडून थेट सीडीआयकडे (ठिणगी नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे) येते, म्हणूनच बॅटरी मृत असतानाही ती किकवर सुरू होते. तेव्हा स्विच कॉइल आणि सीडीआय यांच्यामधल्या वायरवर हवा. त्या वायरीत चांगलाच उच्च दाब असतो, त्यामुळे खेळण्यातला स्विच चालणार नाही. योग्य क्षमतेचा, पाण्यापासून सुरक्षित असा स्विच घ्यावा, जोडांना पक्का डाग (सोल्डर) देऊन त्यावर आवरण चढवावे, आणि जागा सीटखाली नेहमीच्या ठिकाणी न निवडता हाताला सरावाने सापडेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशी निवडावी.

जीपीएसबाबत मी साशंक आहे. आपल्या गाडीची बॅटरी अवघी अडीच अँपिअर-तासांची असते. यंत्र सरासरी वीस मिलिअँपिअर घेत असेल, तर गाडी उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा पाच दिवसांत रिकामी होईल. शिवाय जीपीएस चोरी थांबवत नाही, ती झाल्यावर माग काढण्यास मदत करते, तीही चोराने ते उपटून फेकले नसेल तर.

गल्लीतला_शेवटचा

दोघांचेही आभार. स्विचचा जोड पावसाळ्यात निकामी झाल्यास गाडी चालू असतानाच बंद पडण्याचा धोका नाही का?

सीडीआय_आणि_मी

आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. रोज महामार्गावरून प्रवास असेल तर मी स्विच बसवण्याचा आग्रह धरणार नाही, साखळी आणि नवा लॉकसेट यांवर थांबावे. शहरातल्या वापरात मात्र नीट केलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो.

कागद_आधी

वरील सर्व उपाय योग्य आहेत, परंतु मूळ प्रश्नातील शेवटच्या दोन वाक्यांकडे कोणी लक्ष दिलेले नाही आणि माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम तिथेच आहे. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ वर वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करणे अपेक्षित असते. मुदत उलटून गेली असली तरी विलंब शुल्क भरून ते काम आता तरी उरकावे. चोरीला गेलेली गाडी सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि न्यायालयाच्या आदेशाने सामान्यतः नोंदणीकृत मालकाला हमीपत्रावर परत मिळते. तो मालक हयात नसेल, तर वारस असल्याचे आधी सिद्ध करावे लागते आणि तोवर गाडी ठाण्याच्या आवारात गंजत राहते.

तृतीय पक्षाच्या विम्यातून चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा घ्यायचा म्हटला तरी पाच वर्षांहून जुन्या वाहनाची विमा किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, आणि इतक्या जुन्या दुचाकीसाठी ती अगदी किरकोळ येते. चोरीविरोधी यंत्रासाठी हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या मोहातही पडू नये. पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रमाणित केलेल्या यंत्रासाठी ती आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये इतकीच असते, आणि आपल्या विम्यात तो हप्ताच नाही. विम्याचा पैसा साखळीवर खर्च केलेला बरा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे. ती एकदाच लागणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असल्याने न मोडता काढता येत नाही, त्यामुळे चोराला तिची अदलाबदल करणे थोडे अवघड जाते. याशिवाय इंजिन आणि चेसिस क्रमांकांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत.

चोरी झालीच, तर त्याच दिवशी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ (२) खाली गुन्हा नोंदवून घ्यावा. तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. अशा गाड्या सोनसाखळी चोरीसारख्या गुन्ह्यांत वापरल्या जातात, तेव्हा तक्रारीची वेळ आपल्याच बचावाला येते. नंतर ई-चलनांवरही लक्ष ठेवावे. चोराने सिग्नल तोडला, तर छायाचित्रासह चलन मालकाच्या नावावर पडते आणि गाडी कोणत्या चौकात फिरते आहे ते कळते. अर्थात त्यासाठी वाहनाच्या नोंदीत वडिलांचा नव्हे, तर आपला चालू मोबाइल क्रमांक हवा.

गल्लीतला_शेवटचा

येत्या आठवड्यात नमुना ३१ चा अर्ज करतो आणि त्याच फेरीत लॉकसेट बदलून घेतो. साखळी अडकवण्यासाठी तळमजल्याच्या जाळीला कडी जोडून घ्यावी लागेल, त्याकरिता सोसायटीच्या सचिवांची परवानगी मागितली आहे.