बारा वर्षांचा म्हणजे म्हातारा नव्हे

अडथळ्यांवरून उड्या मारणारा (जंपिंगचा) घोडा विकायला काढणाऱ्याला कुणी सल्ला दिलाय, ‘घोडा बारा वर्षांचा झालाय, किंमत पाडा’. मला तो अजिबात पटला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश घोडेस्वार निक स्केल्टन यांना जंपिंगचं वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारा बिग स्टार हा घोडा तेव्हा १३ वर्षांचा होता! आणि शिकाऊ पोरांना तर असाच मुरलेला घोडा हवा. अडथळ्यापासून उडी घेण्याचं स्वाराचं अंतर चुकलं तरी न बिचकता आपला आपण सावरून उडी मारणारा. पाच वर्षांच्या तरण्याबांड घोड्याकडून ही अपेक्षा कशी करणार?

विक्रीच्या जाहिरातीत व्हिडिओ मात्र अख्ख्या राउंडचा (सगळ्या अडथळ्यांच्या फेरीचा) टाका, एखाद्या अडथळ्याचा बार (आडवा दांडा) पडला असला तरी. कापून जोडलेल्या क्लिपा बघून जाणकाराला शंकाच येते. घोडा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला असेल, तर पायाच्या कंडरेची (टेंडनची) जुनी दुखापत असल्यास ती आधीच सांगून टाका. खरेदीआधी तपासणारे घोड्याचे डॉक्टर पाय काही वेळ दुमडून धरून लगेच दुडक्या चालीने पळवतात, त्यात लंगडेपणा दिसू शकतो.

घ्यायला येणारं मूल स्वतः बसून बघू दे, नुसता त्यांचा कोच नको. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशी. मोतद्दारालाही (घोड्याची देखभाल करणाऱ्यालाही) त्यांच्याशी बोलू द्या, खोगीर चढवताना घोडा चावतो का हे त्यालाच ठाऊक असतं.