मदत हवी आहे: स्वतःच्याच त्वचेच्या पेशी वाढवून सुरकुत्यांवर इंजेक्शन, कुणाला माहिती आहे का?

नमस्कार मंडळी, मी निपाणीचा. प्रश्न आमच्या आक्काबद्दल आहे, साठी ओलांडलेली, मराठी शाळेतून रिटायर. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ज्या दोन खोल घड्या पडतात त्या तिला फार खुपतात. या वयात कशाला वगैरे लिहू नका प्लीज, चेहरा तिचा, पेन्शन तिची.

तर बेळगावात एका क्लिनिकनं सांगितलं की कानामागची बारीकशी कातडी काढायची, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि त्याच परत घड्यांत टोचायच्या, स्वतःच्याच असल्यानं रिअ‍ॅक्शनचा प्रश्नच नाही म्हणे. पण पेशी पुढच्या आठवड्यात रेडी आणि अ‍ॅडव्हान्स मात्र आजच, इथं मला शंका आली, रात्री विरजण लावलं की सकाळी दही अशा थाटात बोलत होता तो काउंटरवरचा पोरगा. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड आक्काला अडखळत येतं, मेडिकल इंग्रजी तर मलाही नाही, मराठीत समजावून सांगा म्हटलं तर "सगळे सही करतात की ओ".

आणि आक्का माळकरी आहे, त्यामुळं पेशी वाढवताना जनावराचं काही वापरतात का तेही कळायला हवं.

लॅबवाला_टिळकवाडी: दादा, सही करू नका अजून. उपचार खोटा नाही, अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध मंजुरीच्या सरकारी संस्थेनं, २०११ च्या जूनमध्ये लाव्हिव नावानं याला मंजुरी दिली होती, तीही फक्त याच घड्यांसाठी. पण त्यात कानामागून ३ मिलिमीटरचे तीन तुकडे घेतात आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, वाढवायला ११ ते २२ आठवडे लागतात. मग ३ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा इंजेक्शन. आठवड्यात कुठून आणणार ते? आणि सहा महिन्यांपुढं परिणाम टिकतो हे तेव्हाही सिद्ध झालेलं नव्हतं.

रिअ‍ॅक्शनचं म्हणाल तर लाली, सूज, काळंनिळं पडणं हे होतंच. वाढवताना जेंटामायसिन हे अँटिबायोटिक वापरायचे आणि त्याचा अंश राहू शकतो, म्हणून त्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला देत नाहीत. माळेचं विचारलंत ते बरं केलं, त्या पद्धतीत गाईच्या वासराच्या रक्ताचं सीरम वापरत होते. इथले काय वापरतात ते लेखी घ्या.

खानापूरची_सून: माझ्या जावेला पण असंच "तुमच्याच पेशी" म्हणून सांगितलं आणि केलं काय तर हातातून रक्त काढून मशीनमध्ये फिरवलं आणि तासाभरात चेहऱ्यावर टोचलं, ते पीआरपी हो, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग, त्यात वाढवणं बिढवणं काही नसतं. बिलावर नेमकं काय लिहितात ते आधी बघा.

निपाणीकर (धागाकर्ता): दोघांचे आभार. सीरमचं आक्काला सांगितलं, तिनं माळेला हात लावून "नको बाबा" म्हटलं, पण तासाभरानं परत विचारते, जनावराचं काही न घालता कुणी वाढवतं का रे? लॅबवाले भाऊ, असं असतं का? आणि पेशी कुठल्या लॅबमध्ये वाढवणार, केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी आहे का, हे दोन्ही लेखी मागतोय. शिवाय कोल्हापूर-मिरजेकडं पॅकेज न विकता नुसतं तपासून सांगणारे स्किनचे डॉक्टर माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा, इथं नावं नकोत.