एमएसडब्ल्यू आणि भुसावळचा फलाट

ताई, भाचीला बालसंरक्षणात काम करायचंय, तर एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी, करू द्या. अमळनेर, चोपड्याला समाजकार्य महाविद्यालयं आहेत, पुण्याला धाडायची गरज नाही.

खरं शिक्षण फील्डवर्कमध्ये होतं. माझ्या वेळी भुसावळच्या फलाटावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा सापडला. मी उत्साहात त्याला गाव तीनदा विचारलं. तो बिस्किटाच्या पुड्याचा कागद बारीक बारीक फाडत राहिला. मॅडमनी मला बाजूला केलं आणि स्वतः त्याच्याशेजारी खाली बसल्या, अर्धा तास गप्प. मग बोलला.

कायदा मात्र पाठ हवा. असं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. पॉक्सो 2012, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याखाली मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नकोत, मुलाची ओळख फोडायची नाही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहेच.

पगार बेताचा, बरीच पदं कंत्राटी, हे तिला आधीच सांगून ठेवा. आणि अहिराणी, आपली खानदेशी बोली, येते ना तिला? आपल्याकडे घाबरलेलं पोर पुस्तकी मराठीत बोलत नाही.