ऑफिसच्या जेवणाची ऑर्डर गळ्यात पडलीय, सगळ्यांचं पथ्यपाणी कसं सांभाळू?

गोंधळलेला_जीव: महिन्यातून एकदा टीम लंच असतं, ६० माणसं. मागच्या खेपेला शाकाहारी २० आहेत म्हणून २० जणांपुरतंच शाकाहारी मागवलं, ते अर्ध्या तासात फस्त, मीटिंगमधून उशिरा आलेले चौघं नुसतं सॅलड खाऊन उठले. शिवाय एक जण व्हेगन (दूध-तूपही न खाणारा), एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, एकाला ग्लूटेन (गव्हातलं प्रोटीन) चालत नाही. फॉर्म काढू का? आणि त्यात विचारू काय?

बुफेबहाद्दर: अहो, मांसाहारी माणूस दोन्हीकडचं घेतो, शाकाहारी एकीकडचंच! त्यामुळे शाकाहारी नेहमी डोक्यांपेक्षा जास्तच मागवायचं. ज्यांना दुसरं काहीच चालत नाही त्यांची पाकिटं नाव घालून आधीच बाजूला काढून ठेवा, बुफेत मांडूच नका.

पोटोबा७: फॉर्ममध्ये 'काय आवडतं' विचारलंत तर मेलात, प्रत्येक जण फर्माईश लिहील. 'काय अजिबात चालत नाही आणि चुकून पोटात गेलं तर काय होतं' एवढंच विचारा. नावडतं असेल तर माणूस बाजूला काढून ठेवतो, धर्माने वर्ज्य असेल (हलाल, ज्यूंचं कोशर वगैरे) तर वेगळी सोय लागते, आणि अ‍ॅलर्जी म्हणजे थेट जिवाशी खेळ.

सावध_सुगरण: +१. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर नुसतं गव्हाचं टाळून भागत नाही, बार्ली आणि राय ही धान्यं पण बाद, आणि ब्रेड वाढलेला चमचा त्याच्या भांड्यात बुडाला तरी त्रास होतो. 'ग्लूटेन-फ्री' लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे, यावरून अंदाज घ्या. त्याचं सीलबंद पाकीटच मागवा. शेंगदाणा तर मी मेन्यूतूनच उडवीन, एका पदार्थावाचून कुणाचं काय अडतंय? केटररला तेलाचं पण विचारा. आणि हो, सॅनिटायझरने हाताला लागलेला शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणीच लागतं.

गोंधळलेला_जीव: बापरे, चमच्याचं डोक्यातच आलं नव्हतं. एक जण 'दूध चालत नाही' म्हणतोय, त्याला पण व्हेगनमध्येच धरू?

सावध_सुगरण: दुधापुरतं व्हेगन चालेल, पण आधी विचारा अ‍ॅलर्जी आहे की लॅक्टोज पचत नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर, ती न पचणाऱ्यांना लॅक्टोज-फ्री दूध चालतं. अ‍ॅलर्जी असते प्रोटीनची, तिथे ते दूधही नको. उलट व्हेगन माणसाला मध पण चालत नाही, हे केटरर हमखास विसरतात.

पोटोबा७: प्रत्येक भांड्यापुढे आत काय काय आहे त्याची चिठ्ठी लावा, चमचे वेगवेगळे. फक्त कोणाला काय होतं ती यादी ग्रुपवर टाकू नका! आमच्याकडे एकाने टाकली होती, मग एका बाईंच्या तब्येतीची महिनाभर चर्चा.

गोंधळलेला_जीव: नाही टाकत. फॉर्म आजच पाठवतो, शाकाहारी ३५ धरतो.

बुफेबहाद्दर: ४० धरा.