फिट-टू-स्टँडर्ड वर्कशॉपमध्ये सगळंच 'गॅप' निघतंय, कसं आवरायचं?

स्टोअर्सवाला_चाकण:
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो कंपोनंट बनवणाऱ्या कंपनीत आहे, मटेरियल्सचा की युजर, म्हणजे प्रोजेक्टमध्ये डिपार्टमेंटचा माणूस. एसएपीच्या जुन्या ईसीसी सिस्टिमचं मेनस्ट्रीम मेंटेनन्स 2027 अखेर संपतंय म्हणून त्यांच्याच नव्या एस फोर हानावर जायची घाई चाललीय. आता एक्सप्लोर फेज, म्हणजे स्टँडर्ड सिस्टिम आपल्या कामाला बसते का ते बघायचे रोज वर्कशॉप, जे बसत नाही तो 'गॅप'. होतं असं की कन्सल्टंट पीपीटी दाखवतो, मग विचारतो "तुमची रिक्वायरमेंट काय", की प्रत्येक डिपार्टमेंट आपल्या जुन्या झेड रिपोर्टची (खास बनवून घेतलेल्या) यादी वाचायला लागतं. नुसत्या जॉबवर्कच्या (पार्टवर बाहेरच्याकडून काम करून घ्यायच्या) दोन सेशनमध्ये 31 गॅप लिहिले गेले. पार्ट नगावर जातात पण प्लेटिंगवाला बिल किलोवर लावतो हा गॅप, हीट ट्रीटमेंटवरून माल आमच्याकडे न येता थेट प्लेटिंगला जातो हा पण गॅप. हे सगळं डेव्हलप करत बसलो तर एवढा खर्च करून परत जुनीच सिस्टिम. कुणी नीट चालवलेत का असे वर्कशॉप?

एमएम_भोसरी:
दादा, तुम्ही लिहिलेले दोन्ही स्टँडर्डमध्ये आहेत. पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) ऑर्डर युनिट नग, ऑर्डर प्राइस युनिट किलो, नगाचं वजन कन्व्हर्जनमध्ये टाका, बिल लावताना खरं वजन भरता येतं. दुसऱ्याला हीट ट्रीटमेंटच्या पीओच्या डिलिव्हरी ॲड्रेस टॅबवर प्लेटिंगवाल्याचा व्हेंडर नंबर आणि एससी (सबकॉन्ट्रॅक्टर) व्हेंडरची टिक, जीआर (माल मिळाल्याची नोंद) मारला की स्टॉक प्लेटिंगवाल्याच्या नावावर दिसतो.

खरा घोळ "रिक्वायरमेंट काय" या प्रश्नात आहे, असं विचारलं की माणूस सवयीचंच सांगणार ना. पीपीटी बंद करा. सँडबॉक्समध्ये (सरावाच्या सिस्टिममध्ये) सबकॉन्ट्रॅक्टिंगचा स्कोप आयटम, म्हणजे तयार स्टँडर्ड प्रोसेस, बीएमवाय, तुमच्याच पार्ट नंबरवर आणि बीओएमवर (कंपोनंटच्या यादीवर) चालवून दाखवायला लावा, 541 या मूव्हमेंट टाइपने माल पाठवा, 101 ने घ्या, 543 ने कंपोनंट आपोआप कसा खपतो ते लोकांना बघू द्या. मग विचारा, यात तुमचं काम कुठे अडतं? मी गॅप लिहून घेण्याआधी तीनच गोष्टी विचारतो: याच्याशिवाय डिस्पॅच थांबेल का, कायदा मोडेल का, कस्टमर माल परत करेल का. तिन्हीला नाही आलं तर तो गॅप नाही, सवय आहे.

जीएसटी_ताई:
कायद्याचं निघालंच आहे तर, जॉबवर्कच्या सेशनला अकाउंट्सचा माणूस हवाच. सीजीएसटी कलम 143 प्रमाणे इनपुट 1 वर्षात आणि कॅपिटल गुड्स 3 वर्षांत परत यायला हवेत, नाहीतर ज्या दिवशी पाठवले त्या दिवशीचा सप्लाय धरतात आणि टॅक्स व्याजासकट बसतो. म्हणजे व्हेंडरकडे किती स्टॉक आहे एवढं कळून भागत नाही, कुठल्या चलनाचा (माल पाठवतानाच्या कागदाचा) माल किती दिवस पडलाय ते दिसलं पाहिजे, आयटीसी-04 ला (जॉबवर्कच्या जीएसटी फॉर्मला) पण तोच डेटा लागतो. हे सेशनमध्येच खऱ्या चलनावर चालवून बघा.

प्लांट_माणूस:
भोसरीकर, तुमचं पटतं पण "सवय आहे" म्हणून उडवताना जपून. माझ्या आधीच्या कंपनीत असंच उडवलं होतं. प्लेटिंगवाला एका चलनाचा माल तीन-चार खेपांत परत देतो, नाकारलेले पार्ट वेगळ्या पिशवीत, हे गेटवरच्या माणसाला रोज दिसतं पण वर्कशॉपला बोलावले मॅनेजर. गो-लाइव्हनंतर (नवी सिस्टिम चालू झाल्यावर) आठवडाभरात गेटवर वही सुरू झाली, ती मी निघेपर्यंत चालू होती, आणि सिस्टिममधला व्हेंडर स्टॉक कधीच जुळला नाही. त्या माणसाला बोलवा आणि सेशन मराठीत घ्या, इंग्रजीत तो तोंडच उघडत नाही, आणि त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

स्टोअर्सवाला_चाकण:
हे आमच्याकडे तंतोतंत असंच आहे, खेपांचं कुणी बोललंच नाही. पण निर्णय कोण घेतो? आमच्यात सगळे म्हणतात "वर विचारून सांगतो" आणि यादी वाढत जाते.

एमएम_भोसरी:
प्रोसेस ओनर, म्हणजे त्या कामाचा निर्णय घेणारा, खोलीत नसेल तर सेशन घेऊच नका, पुढे ढकला. जो गॅप राहील त्याच्यापुढे त्याचं नाव लिहा, सही त्याची. नाव लागलं की निम्मे आपोआप मागे घेतात. आणि खेपा, रिजेक्शन हे उडवायचं नाही, खेपांचे जीआर वेगवेगळे मारून दाखवा, तिथे गेटवाला जे बोलेल तेच लिहून घ्या.

स्टोअर्सवाला_चाकण:
ठीक आहे, सोमवारी जॉबवर्कचं सेशन परत लावतोय. तीन खरे पार्ट नंबर, मागच्या महिन्याची चलनं, अकाउंट्सच्या मॅडम आणि गेटवरचे काका. 31 पैकी किती उरतात ते इथेच टाकतो.