‘नवीन ग्रंथ आणि संकेतस्थळं’ असं साप्ताहिक पत्रक कसं काढावं? (मराठवाड्यावरचं संशोधन)

दाखलांक_लातूर
नमस्कार मंडळी. महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दर सोमवारी एक पत्रक काढायचं आहे. बहुतेकांचे विषय मराठवाड्याचा इतिहास, शेती आणि साहित्य यांतले. ग्रंथालयाची संगणक प्रणाली कोहा आहे. ‘गेल्या आठवड्यात दाखल’ असा अहवाल काढला की १९७०-८० मधली पुस्तकंही नवीन म्हणून येतात. ती कशी गाळायची? आणि संकेतस्थळाच्या नोंदीत काय काय लिहावं, दुवे टिकावेत म्हणून काय करावं?

कोहा_नांदेड
कोहातली दाखल तारीख म्हणजे बहुधा प्रत प्रणालीत भरली तो दिवस, खरेदीचा नव्हे. जुन्या दाखल नोंदवहीतली पुस्तकं संगणकावर चढवणं चालू असेल तर ती सगळी या आठवड्याची ठरतात.

प्रकाशन वर्षाची अट लावून हे सुटतं असं वाटतं, पण ती लावू नका. देणगीत आलेलं १९५५ सालचं दुर्मीळ पुस्तक तुमच्या विद्यार्थ्यांना नव्या पुस्तकाइतकंच हवं असतं, आणि नेमकं तेच गळतं. त्यापेक्षा जुन्या नोंदी भरताना प्रतीच्या अंतर्गत टिपेत ‘पूर्वलक्षी’ असा एकच ठरलेला शब्द टाका आणि अहवालातून त्या प्रती वगळा.

इथे हमखास चूक होते. टीप ‘पूर्वलक्षी’ नसलेल्या प्रती द्या, एवढंच एसक्यूएलमध्ये (अहवाल काढायच्या आज्ञांच्या भाषेत) लिहिलं तर टीप रिकामी असलेल्या प्रतीही गायब होतात, म्हणजे खरी नवीन पुस्तकंच जातात. ‘टीप रिकामी आहे किंवा टिपेत पूर्वलक्षी नाही’ अशी जोडअट हवी, आणि ती कंसात. यादी प्रतीनुसार न काढता ग्रंथनोंदीनुसार एकत्र करा, नाहीतर एका पुस्तकाच्या पाच प्रती पाच ओळी खातात.

गॅझेटियर_वाचक
संकेतस्थळाच्या नोंदीबद्दल सांगतो. नुसतं नाव आणि दुवा दिला तर कोणी उघडत नाही. त्यात काय सापडेल आणि कुठल्या नावाने शोधायचं, हे दोन वाक्यांत लिहा. आपल्या भागात दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण जिल्हे फुटले आणि नावंही बदलली. जालना १ मे १९८१ ला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला आणि हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्यामुळे जालन्यावर काम करणाऱ्याला औरंगाबाद जिल्ह्याचं १९७७ चं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) लागतं, पण परतूर त्यात नाही. तो तालुका तेव्हा परभणीत होता, म्हणून परभणीचं १९६७ चं. लातूरकरांनी उस्मानाबादचं १९७२ चं पाहावं. १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये अंबाजोगाई शोधून हाती काही लागत नाही, तिथे ते मोमिनाबाद आहे. बीडही ‘भीर’ म्हणून आहे.

१९५१ पर्यंतची जनगणना हैदराबाद संस्थान, पुढे हैदराबाद राज्य या नावाखाली मिळते, महाराष्ट्राखाली नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं तालिकेत (ग्रंथालयाच्या सूचीत) घेताना जुन्या नावांवरून ‘पाहा’ असे निर्देश ठेवा. नोंदीत भाषा आणि लिपीही लिहा. निजामकाळातला कागद फारसीत आहे, उर्दूत की मोडीत, हे आधी कळलं तर विद्यार्थ्याचा हेलपाटा वाचतो.

दुवा_परभणी
शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचा) प्रबंध द्यायचा असेल तर प्रकरणाच्या पीडीएफचा दुवा देऊ नका. प्रबंधाच्या मुख्य पानावर १०६०३ ने सुरू होणारा हँडल क्रमांक असतो, तो कायमचा. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत चढवलेले असतात. ‘८०’ ने सुरू होणारी ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल असेल तर ती आधी चाळायला सांगा, निष्कर्ष बहुधा तिथेच सापडतात.

इतर पानं पत्रकात घेण्याआधी वेबॅक मशीन या, पानांच्या प्रती जतन करणाऱ्या संकेतस्थळाच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका आणि दोन्ही दुवे द्या. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की जुने पत्ते मरतात. जतन झालेली प्रत उघडून बघाच: पान येतं, पण त्यावरची पीडीएफ कधीकधी जतन होत नाही. तिचा पत्ता वेगळा टाकावा लागतो.

आणखी एक. जुन्या मराठी पीडीएफमध्ये युनिकोडआधीचे, म्हणजे आजच्या प्रमाणित अक्षरसंकेतांशी न जुळणारे फाँट असतात. डोळ्यांना मजकूर नीट दिसतो, पण शोधपेटीत मराठी शब्द टाकला तर काही सापडत नाही, कॉपी केलं तर अगम्य अक्षरं येतात. अशा नोंदीसमोर ‘शोध चालत नाही, अनुक्रमणिका पान अमुक’ असं लिहा.

दाखलांक_लातूर
जोडअटीने यादी सरळ आली, आभार. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलं तर चालेल का? नव्या पुस्तकांची पानं स्कॅन करून जोडावीत का?

कोहा_नांदेड
ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक जतन नाही त्याला संदेश जातच नाही. प्रवेशाच्या वेळीच तो जतन करून घ्या. मजकूर थेट संदेशात टाका, पीडीएफ वेगळी. पाच-सहा नोंदी पुरे, उरलेल्या पुढच्या सोमवारी.

स्कॅन मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचंच करा, आतली प्रकरणं नको. लेखक हयात असताना आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं त्याच्या हयातीत छापलेलं पुस्तक १ जानेवारी २०२५ पासून मोकळं झालं. पण त्याला नंतर जोडलेली प्रस्तावना वा टिपा दुसऱ्याच्या असतील तर तेवढा भाग वगळा.