कुटुंब धरायचे, पण कोणाचे?

विकासाची धोरणे व्यक्तीऐवजी कुटुंब धरून आखावीत, हा मुद्दा मला बहुतांशी पटतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने कलम १६ मध्ये कुटुंबाला समाजाचा मूलभूत घटक म्हटले, संयुक्त राष्ट्रांनी १९९४ हे आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्ष पाळले. तरीही २०१५ च्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत कुटुंबासाठी स्वतंत्र उद्दिष्ट नाही.

माझी अडचण व्याख्येपाशी आहे. आमच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली आहेत. आमच्या शेजारी आजी आणि शाळकरी नातू गावी राहतात, मुलगा-सून दूर दक्षिणेत दुकानावर असतात; रेशनकार्ड एक, चुली दोन. आजीची गुडघेदुखी वाढली की नातवाची शाळा बुडते, आणि सुनेला तिकडून फोनवरूनच घर चालवावे लागते. पाहणीला येणारा कर्मचारी मात्र हजर डोकी मोजतो आणि पुढच्या दारी जातो.

शिवाय कुटुंबाला दिलेले घरात कोणाच्या हाती पडते, हेही विचारले पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने वर्षाला किमान १०० दिवसांच्या कामाची हमी दिली ती कुटुंबाला. घरात राबणारे हात चार असोत वा एक, दिवस तेवढेच. (आमच्याकडे भावकीचे वाद याहून कमी कारणावरून पेटतात.) नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण कागदोपत्री सासरच्याच घरात मोजली जाणारी बाई मग कोणाच्या वाट्यातून काम मागणार? कुटुंब केंद्रस्थानी आणण्याआधी तिला काम मागण्यासाठी स्वतःचे वेगळे जॉबकार्ड सासरच्या संमतीवाचून मिळाले पाहिजे.